गांजाची राळ अथवा चरस : खातेदारानें काय जाणून असावें

आपल्या या मासिकांत पिकें, खतें, बीबियाणें आणि जनावरें यांविषयीं लेख नेहमीं येत असतात. आज ज्या झाडाविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत, त्याची लागवड करण्यास आपल्या राज्यांत मनाई आहे. तरीही तें झाड ओळखणें, त्याच्या कोणत्या भागांत काय असतें हें जाणणें, आणि त्यावरून कायद्यानें भांग, गांजा व चरस असे भेद कां मानले हें समजून घेणें प्रत्येक खातेदारास आवश्यक आहे. याचें कारण प्रथम सांगतों.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून असतांना शेजारच्या तालुक्यांतील एका वृद्ध खातेदारावर प्रसंग आला. त्यांनीं आपली सहा एकर जमीन अर्धेलीनें लावून दिली होती. तुरीच्या ओळींत गांजाचीं झाडें निघालीं, पोलीस आले, पंचनामा झाला, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याची नक्कल तयार करण्याचें काम मजकडे आलें. उताऱ्यावर नांव त्या वृद्धाचें होतें. वाटेकऱ्याचें कोठेंच नव्हतें. कचेरीच्या ओट्यावर बसून ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, आषाढात चार झाडं बघितली होती. म्हटलं, चिलमीपुरती लावली असतील, आपल्याला काय करायचंय." पुढें दोन वर्षें ते तारखांस येत राहिले. बैलजोडी गेली, नंतर विहिरीजवळचा तुकडा गहाण पडला. निकाल काय लागला हें येथें सांगण्याची जरूर नाहीं. निकाल लागण्यापूर्वींच शिक्षा भोगून झाली होती. त्या गृहस्थांस झाड ओळखतां येत होतें, परंतु कायदा ठाऊक नव्हता. असे खातेदार आजही पुष्कळ आहेत असें अनुभवानें वाटतें, म्हणून हा लेख.

झाड आणि त्याची राळ

गांजाचें झाड एकवर्षायु आहे. त्यांत नर आणि मादी असे दोन भेद असून सामान्यतः एका झाडावर एकाच प्रकारचीं फुलें येतात. नराचा पराग वाऱ्यानें उडून मादीवर पडतो व मग मादीस बीं धरतें. पान पसरलेल्या पंजासारखें असतें. एका देठावर पांच, सात किंवा नऊ अरुंद पर्णिका, आणि प्रत्येकीची कड करवतीसारखी दांतेरी.

मादीच्या तुऱ्यांत फुलांभोंवतीं जीं लहान पानें असतात, त्यांवर अतिसूक्ष्म ग्रंथि असतात. भिंगांतून पाहिल्यास प्रत्येक ग्रंथि टांचणीसारखी दिसते; खालीं बारीक दांडी आणि वर गोल डोकें. हें डोकें एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढें किंवा त्याहूनही लहान असतें. त्यांत चिकट राळ सांठते. तुरा हातांत धरतांच बोटांस जो चिकटपणा लागतो व जो उग्र वास येतो, तो मुख्यत्वें या राळेचाच होय.

नशा आणणारें द्रव्य या राळेंत असतें. इस्राएलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेशूलाम व येहिएल गाओनी यांनीं १९६४ सालीं तें शुद्ध स्वरूपांत वेगळें करून त्याची रचना ठरविली. त्यास संक्षेपानें टी.एच.सी. असें म्हणतात. ताज्या झाडांत तें आम्लरूपानें असतें. उष्णता लागली म्हणजे त्याचें नशाकारक रूप होतें. चिलमींत जाळून ओढण्याची चाल पडली तिचें रहस्य हेंच.

पानांत राळ थोडी, मादीच्या तुऱ्यांत पुष्कळ, खोडाच्या वाखांत नाममात्र, आणि बियांच्या गरांत जवळजवळ नाहींच. एवढें ध्यानांत धरलें म्हणजे तिन्ही नांवांचा उलगडा होतो. भांग म्हणजे पानें; गांजा म्हणजे राळयुक्त तुरे; चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ. झाड एकच, भेद राळेच्या प्रमाणाचा.

राळेची भुकटी

तुरे चांगले वाळले म्हणजे ग्रंथींचीं डोकीं ठिसूळ होतात आणि थोड्या हालचालीनेंही झडतात. हवा थंड व कोरडी असल्यास तीं अधिकच सहज सुटतात. अशा रीतीनें खालीं सांचणारी फिकट पिवळसर भुकटी म्हणजेच निव्वळ राळ, म्हणून ती पाल्याच्या मानानें फार तीव्र. मोरोक्को देशांत या झाडास व त्याच्या ओढावयाच्या मिश्रणास 'कीफ' असें म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ सुख किंवा धुंदी असा आहे, आणि आपल्या मराठींत रूढ असलेला 'कैफ' हा तोच शब्द. पुढें इतर देशांत या भुकटीसच कीफ म्हणण्याचा प्रघात पडला.

राळ गोळा करण्याच्या दोन जुन्या रीति प्रसिद्ध आहेत. पहिली मध्य आशियांतील यारकंद प्रांताची. तेथें वाळलेले तुरे चुरून चाळीत, भुकटी कातडी पिशव्यांत भरून हिवाळाभर ठेवीत, आणि ऊन तापूं लागल्यावर ती उन्हांत मऊ होऊं देऊन मळून तिचे गोळे करीत. हा चरस घोड्यांवर लादून काराकोरम घाटानें लेहला येई व तेथून होशियारपूर आणि अमृतसर या पेठांत उतरे. पंजाबांत तो सरकारी वखारींत ठेवून त्यावर कर घेत. सन १९३४ च्या सुमारास चीनच्या बाजूनें ही निर्यात बंद झाली, आणि तो व्यापार हळूहळू संपला.

दुसरी रीत कुलू व नेपाळ या बाजूची. तेथें उभ्या झाडाचे हिरवे तुरे तळहातांमध्यें चोळीत आणि हातांस चिकटलेली काळसर राळ खरवडून घेत. दिवसभर चोळून हातीं येणारी राळ फार थोडी. माल महाग कां आणि त्यामागें चोरटा व्यापार कां लागतो, हें यावरून समजेल.

राळ टिकाऊ नसते. प्रकाश, उष्णता व हवा लागून तिचें सत्त्व कमी होत जातें आणि जुना माल निःसत्त्व होतो. यामुळें घेणाऱ्यास एका खेपेच्या मालाचा अनुभव दुसऱ्या खेपेस उपयोगीं पडत नाहीं. एवढ्याच चिमटींत आज कमी अंमल, उद्यां अतिरेक, असें होतें.

उपयोग व अपाय

चरस व ही भुकटी बहुधा तमाखूंत मिसळून चिलमींतून ओढीत. औषधीच्या दृष्टीनें पाहतां, आयुर्वेदांत 'विजया' या नांवानें भांगेचा उपयोग सांगितला असून ती शुद्ध करून, इतर औषधांसह व मात्रेनें देण्याचा दंडक आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतील डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनीं १८३९ सालीं या वनस्पतीच्या औषधी गुणांवर निबंध प्रसिद्ध केला, व त्यांतूनच पाश्चात्य वैद्यकांत तिचा प्रवेश झाला. या झाडांत सी.बी.डी. नांवाचें दुसरेंही एक द्रव्य आहे. त्यानें नशा येत नाहीं. मुलांच्या कांहीं दुर्धर अपस्मारांवर त्याचें शुद्ध औषध अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालें.

परंतु औषधांत द्रव्य शुद्ध असतें व मात्रा मोजलेली असते. चिलमींतल्या भुकटींत दोन्हींचा पत्ता नसतो. तीव्र राळेच्या सेवनानें घाबरेपणा, भ्रम, हृदयाची धडधड हे विकार होतात. दीर्घकाळ व नित्य सेवन करणाऱ्यांत, विशेषतः कोंवळ्या वयांत आरंभ करणाऱ्यांत, चित्तभ्रमाच्या रोगाचा धोका वाढतो हें आतां सर्वमान्य आहे. ज्यास ट्रॅक्टर, मळणीयंत्र किंवा विजेची मोटर चालवावयाची आहे त्याच्या हातून या अंमलांत काय होईल, हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

परवान्याची जुनी शेती

आजच्या तरुण वाचकांस नवल वाटेल, परंतु एके काळीं आपल्या मुंबई इलाख्यांत गांजाची परवान्यानें शेती होत असे, व ती मुख्यतः अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत. मध्य प्रांतांत निमाड जिल्ह्यांतील खंडवा आणि बंगालांत राजशाही जिल्ह्यांतील नौगाव हीं तिचीं दुसरीं दोन मोठीं ठिकाणें. शेतकरी नर झाडें वेळींच उपटून टाकीत. कारण बीं न धरलेल्या मादीच्या तुऱ्यांत राळ अधिक उतरते. बंगालांत हें काम करणारा माहीतगार मनुष्य निराळा असे व त्यास परखदार म्हणत. आपल्याकडे तुरे खळ्यावर पसरून पायांनीं तुडवीत, म्हणजे राळेनें ते एकमेकांस चिकटून चपटे होत. राळ झडून वायां जाऊं नये हाच त्या तुडविण्याचा हेतु.

बंगालच्या या शेतीची चौकशी हेमचंद्र कर या डेप्युटी कलेक्टरांनीं करून १८७७ सालीं तिचा अहवाल लिहिला. पुढें १८९३ सालीं सरकारनें सात सभासदांचें एक कमिशन नेमलें. त्यांत तीन सभासद हिंदी होते. त्यांनीं १,१९३ साक्षी घेतल्या, आणि १८९४ सालीं असा अभिप्राय दिला कीं, माफक सेवनानें फारसा अपाय होत नाहीं, अतिसेवनानें होतो, व एकदम बंदी करण्यापेक्षां लागवडीवर नियंत्रण आणि मालावर कर ठेवावा. मग परवाना, ठराविक क्षेत्र, सरकारी वखार व कर अशी व्यवस्था दृढ झाली.

सहकारी संस्थेच्या सभासदांनीं या इतिहासांतली एक गोष्ट अवश्य लक्षांत घ्यावी. नौगाव येथें १९१७ सालीं गांजा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तत्पूर्वीं दलाल आणि सावकार यांच्या हातीं भाव होता. संस्थेमार्फत विक्री होऊं लागल्यावर नफ्याचा वांटा शेतकऱ्यास मिळूं लागला. हें शक्य झालें, कारण पीक कायद्याच्या आंत होतें. परवाना, वखार आणि संस्था यांच्या आधाराविना तेंच पीक घेणाऱ्याच्या वांट्यास नफा येत नाहीं. नफा दुसऱ्याचा आणि दंड त्याचा.

मोरोक्कोचें उदाहरण यास पुष्टि देतें. तेथील रीफ डोंगरांत पिढ्यान् पिढ्या ही शेती चोरून चालली. २०२१ सालीं तेथें कायदा होऊन ठराविक प्रांतांत, औषधी व औद्योगिक कामासाठीं, परवान्यानें लागवड खुली झाली. त्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्यें तेथील राजानें या लागवडीच्या खटल्यांत सांपडलेल्या चार हजार आठशेंहून अधिक लोकांस माफी दिली. इतक्या शेतकऱ्यांवर खटले झाले होते, हाच त्या आंकड्याचा अर्थ.

आजचा कायदा

आपल्या देशांत १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयींचा कायदा लागू आहे. त्यांतील व्याख्या वर सांगितलेल्या वनस्पतिशास्त्राशीं जुळतात. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले तुरे. तुऱ्यांविना असलेलीं पानें व बीं त्यांतून वगळलीं आहेत. चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध, आणि कोणत्याही रूपांत असो. त्यामुळें तुऱ्यांतून झडलेली भुकटी वेगळी करून ठेवली, तर ती चरसांत मोडते. 'हा केवळ गांजाचा चुरा आहे' हें उत्तर तेथें चालत नाहीं.

दोहोंच्या वजनाची मर्यादाही निरनिराळी आहे. गांजाची अल्प मात्रा एक किलोपर्यंत व व्यापारी मात्रा वीस किलोंपासून. चरसाची अल्प मात्रा शंभर ग्रॅमपर्यंत व व्यापारी मात्रा एक किलोपासून. ज्या वजनाचा गांजा व्यापारी गणला जातो त्याच्या विसाव्या हिश्श्याइतक्या चरसासही तीच शिक्षा : दहा ते वीस वर्षें सक्तमजुरी व एक ते दोन लाख रुपये दंड. भांगेची पानें केंद्रीय व्याख्येंत येत नसलीं, तरी आपल्या राज्यांतील १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेसही लागू आहे. म्हणून 'भांगेस मुभा आहे' असें समजून कोणी घरीं सांठा करूं नये.

लागवडीची शिक्षा मालाहून स्वतंत्र आहे. झाड किती, याचा तेथें विचार नाहीं; लागवड सिद्ध झाल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. कसलेल्या जमिनींत झाड उगवलेलें सांपडलें आणि त्याचा समाधानकारक खुलासा देतां आला नाहीं, तर न्यायालय कसणाऱ्याविरुद्ध अनुमान करूं शकतें.

खातेदारानें विशेष ध्यानांत ठेवावें असें कलम ४६ वें आहे. आपल्या जमिनींत अशी बेकायदा लागवड असल्यास जमीनधारकानें पोलिसांस किंवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यास तत्काळ कळविलें पाहिजे. माहीत असून जो कळवीत नाहीं तो शिक्षेस पात्र होतो. कलम ४७ अन्वयें हेंच कर्तव्य सरपंच, पंच आणि गांवकामगार यांवरही आहे. आमच्या त्या वृद्ध खातेदारांची चूक येथें होती. त्यांनीं लावलें कांहीं नव्हतें. आषाढांत पाहिलें आणि कोणास कळविलें नाहीं, एवढेंच.

ताग, अंबाडी आणि नवें बियाणें

नांवाच्या घोटाळ्यानेंही कित्येक फसतात. इंग्रजी कागदांत ताग, अंबाडी व गांजाचें झाड या तिहींसही 'हेंप' हा शब्द लावीत. ताग हें शेंगवर्गीय पीक असून त्याचीं पानें साधीं असतात. अंबाडीचें पान मात्र फसवें. तें पंजाप्रमाणें चिरलेलें असतें, व म्हणूनच तिच्या शास्त्रीय नांवांत गांजाचा निर्देश आहे. तथापि ओळख कठीण नाहीं. अंबाडीचें पान चवीस आंबट, देठावर बारीक कांटे, फूल मोठें पिवळें व आंत गडद. गांजाचें फूल हिरवें, लहान व पाकळ्यांविना. तुरा चिकट व वास उग्र.

कायद्याच्या कलम १४ अन्वयें केवळ वाख, बीं किंवा बागायती उपयोगासाठीं सरकार परवानगी देऊं शकतें. उत्तराखंड राज्यानें २०१८ सालीं असे परवाने देण्यास आरंभ केला; तेथें टी.एच.सी. चें प्रमाण ०.३ टक्क्यांहून अधिक नसलेल्या वाणाचीच मुभा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानें २०२१ सालीं या झाडाचें बीं व बियांचें तेल अन्न म्हणून मान्य केलें. यावरून 'आतां सर्वत्र मोकळीक झाली' असें सांगून बियाणें विकणारे लोक निघतात. बीं विकण्यास परवानगी असणें आणि शेतांत पेरण्यास परवानगी असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या नांवाचा व गटनंबराचा लेखी परवाना हातांत नसेल, तर एक दाणाही पेरूं नये.

शेवटीं चार सूचना

पहिली, जमीन वाट्यानें किंवा खंडानें दिली असली तरी पावसाळ्यांत निदान महिन्यांतून एकदां सर्व ओळींतून स्वतः फिरावें. तूर, ऊंस, हळद व कापूस यांच्या उंच पिकांत विशेष पाहावें. दुसरी, वाट्याचा करार लेखी करावा. तिसरी, २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली असून पिकाची नोंद खातेदारास स्वतः करतां येते. ती दुसऱ्याच्या भरंवशावर सोडूं नये, शेतांत उभें राहूनच करावी. चवथी, संशयाचें झाड दिसल्यास तें उपटून घरीं आणूं नये, कारण मग तें आपल्या ताब्यांत आलें. जागेवर ठेवून त्याच दिवशीं पोलीस ठाण्यांत लेखी अर्ज द्यावा, व एका प्रतीवर पोहोंच घ्यावी. ती पोहोंच सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवावी.

माझें शिक्षण मराठी शाळेपुरतें. जें लिहिलें तें बहुतांशीं दप्तरें चाळतां चाळतां शिकलों. त्या दप्तरांत खातेदाराचें नांव एका ओळींत असतें, आणि त्याच्या शेतांत जें उभें असेल त्याचा जाब त्याच ओळीस विचारला जातो. आपल्या संस्थेच्या सभासदांनीं हा मजकूर ज्यांस वाचतां येत नाहीं अशा शेजाऱ्यांस वाचून दाखवावा, इतकीच विनंति आहे.